प्रश्न चौथा, सोळा गुण

मे महिना. मूल्यांकन केंद्रात वाळ्याचा वास
आणि त्याच्या खाली शिळ्या पाण्याचा.
एका उत्तरपत्रिकेचे जे मिळतात
त्यात बाहेरच्या टपरीवर कट चहा येतो, बिस्किट येत नाही.
मी तासिका तत्त्वावर. नीतिशास्त्र शिकवते.
जूनमध्ये असेन की नाही हे माहीत नसताना
चिरंतन मूल्यांवर बोलते.

मूल्यांचे प्रकार सांगून त्यांची उच्चनीच श्रेणी स्पष्ट करा.
आदर्श उत्तर समोर स्टेपल करून ठेवलंय:
तळाला देहाचं सुख, त्यावर पैसा, साधन म्हणून,
मग आरोग्य, मग सत्य, सौंदर्य, शिव,
कळसाला पवित्र.
टिकतं ते वर. वाटून घटत नाही ते वर.
जे कशासाठीच नाही, स्वतःसाठी आहे, ते सगळ्यांच्या वर.
सकाळपासून एकोणतीस जणांनी हीच शिडी लावली,
एकाच गाईडमधली तीच चुकलेली वेलांटी.
मी चढले, उतरले, अकरा दिले, बारा दिले.

तिसाव्यानं शिडी लावलीच नाही.
नाव नाही, क्रमांक झाकलेला,
निळ्या शाईत घामाचा एक डाग.

“आमच्या घरी एक कूलर आहे. त्याला चाकं आहेत.
बाबा कोराडीला, वीज केंद्रात, रातपाळी. दिवसा झोपतात.
ताईची परीक्षा आहे. आई दारात बसून
ब्लाउजला हुक लावते, डझनावर पैसे.
सकाळी कूलरचं तोंड बाबांकडे, म्हणजे आरोग्य वर.
दोननंतर ताईकडे, म्हणजे ज्ञान वर.
आईकडे कोणी फिरवत नाही. ती म्हणते,
मले काय होते, माहे हात चालूच रायतात.
म्हणजे पैसा खाली. हे पुस्तकाशी जुळते.
पण कूलरचा पंप जळला तेव्हा हुकाच्याच पैशानं आणला.
मग खालचं निघून गेलं तर वरचं कशावर राहील,
हे वर्गात झालं नाही.
एक दिवस बाबा झोपेतून उठले,
कूलर ताईकडे लोटला
अन् ओला दुपट्टा तोंडावर घेऊन पडले.
रात्री ड्यूटी होती.
हे कोणत्या पायरीवर टाकायचं मला समजलं नाही.
म्हणून खाली एक ओळ सोडली आहे.”

खरंच सोडली आहे.

“काऊन जी, अडकल्या का?” निनावे सर.
“व्याख्या आहे? वर्गीकरण?
नाही ना. उदाहरणाचे दोन द्या अन् पुढं चला.”
सर वाईट नाहीत. त्यांना पाचपर्यंत चार गठ्ठे सील करायचेत,
आणि शुगर आहे.
हॉलमधला एकुलता कूलर
सकाळपासून त्यांच्या टेबलाकडे तोंड करून आहे.
काल हे मला दिसलं नव्हतं.

गुण. शब्दच दगाबाज.
माणसात असतो तोही गुण,
सोळापैकी देतात तोही.
दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात करायची
आणि पहिल्या पानावर आणायची.

ती ओळ मी बोटानं चाचपली.
कागद कोरडा. बाहेर झळा.
रस्त्यावर कोणीतरी तोंडाला दुपट्टा बांधून
स्कूटर ढकलत नेत होतं.
मी दोन लिहिले.
खोडले.

खाडाखोड केली तर शेजारी परीक्षकाची पूर्ण सही.
नियम आहे, आद्याक्षरं चालत नाहीत.
तासिकावाल्यांची पूर्ण सही एरवी कोण मागतं?
मी सावकाश केली,
वडिलांच्या नावासकट:
वैजयंता सोमाजी बोरकुटे.
समासात. त्या रिकाम्या ओळीच्या अगदी समोर.